पहिली छपाई हे प्रमाण नव्हे

जुन्या जाझ आणि रॉक रेकॉर्डच्या शौकिनांत एक मत इतके मुरलेले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही. रेकॉर्ड घ्यावी तर पहिल्या छपाईची, म्हणजे ‘फर्स्ट प्रेस’. नंतर निघाले ते रीइश्यू म्हणजे त्याच मालावर कंपनीने पुन्हा केलेली कमाई. पहिली प्रत परवडत नाही म्हणून जो रीइश्यू घेतो, त्याची या वर्तुळात कीव केली जाते. आणि एकाच अल्बमचे चार-पाच रीइश्यू जमवून ते एकमेकांशी ताडून पाहणाऱ्याची तर काळजीच वाटते. प्रस्तुत लेखकाचा पक्ष या दुसऱ्या माणसाचा आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, तेव्हा तो आधी नीट मांडू. चुंबकीय टेप म्हातारी होते. पहिली लॅकर, म्हणजे टेपवरचा आवाज जिच्यावर कापतात ती मूळ तबकडी, कापली गेली तेव्हा टेप ताजी होती, वाजवणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे हयात होते, त्यांच्या कानांवरून ती गेली होती. ब्लू नोट कंपनीच्या ऐन बहराच्या काळातल्या रेकॉर्ड रूडी व्हॅन गेल्डरने स्वतःच मुद्रित केल्या आणि त्यांच्या लॅकरही स्वतःच कापल्या. लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत त्याच्या नावाचा ठसा सापडला की संग्राहकाचा हात थरथरतो तो उगाच नव्हे. उलट रीइश्यूवाल्यांचे उपद्व्यापही खरे आहेत. १९८७ साली झेडझेड टॉपचे जुने अल्बम सीडीवर आणताना त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या ड्रमला ऐंशीच्या दशकाचा घुमारा चढवला गेला. २००२ साली तर कहर झाला. ऑझी ऑस्बर्नच्या पहिल्या दोन अल्बमांत बॉब डेझलीचा बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम होते. रॉयल्टीच्या दाव्यांनंतर दोन्ही पुसून तिथे नव्या वादकांकडून वाजवून घेतले गेले. मूळ वादक परत यायला २०११ उजाडावे लागले. हे सगळे मान्य.

पूर्वपक्षाचा सर्वांत देखणा पुरावा ‘लेड झेपलिन टू’चा. १९६९ साली बॉब लडविगने तिची लॅकर इतकी दणदणीत कापली की, त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, अटलांटिक कंपनीचे अहमत एर्तेगुन यांच्या मुलीच्या स्वस्त प्लेअरवर सुई उड्या मारू लागली. कंपनीने घाबरून बास उतरवलेली दुसरी लॅकर कापून घेतली. आज ‘आरएल’ ही आद्याक्षरे कोरलेली प्रत भलत्या किमतीला जाते आणि ऐकणाऱ्याला ती किंमत पटतेही. पण या पुराव्यातून निष्कर्ष कोणता निघतो? ती बेतास बात दुसरी प्रतही मूळच होती. कंपनी तीच, कव्हर तेच, आणि त्या काळच्या बहुतेक श्रोत्यांनी ऐकले ते तेच. लडविगची प्रत सरस ठरते ती कापणाऱ्याच्या हातामुळे. ती आधी निघाली हा योगायोग.

मुळात ‘पहिली छपाई’ ही एक वस्तू नसते. टेपवरून लॅकर कापतात, लॅकरवरून धातूचे साचे घडतात, साच्यांवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्पर दाबून रेकॉर्ड. स्टॅम्पर झिजतो, त्याच्यातून आधी निघालेली प्रत आणि शेवटी निघालेली प्रत सारखी वाजत नाही. कोलंबियासारखी मोठी कंपनी एका अल्बमच्या अनेक लॅकर कापून देशभरातल्या आपल्या निरनिराळ्या कारखान्यांकडे धाडत असे. तेव्हा ‘माझ्याकडे फर्स्ट प्रेस आहे’ असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न असावा : कोणती?

आता कोलंबियाचाच सर्वांत प्रसिद्ध जाझ अल्बम घेऊ. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत मुद्रित झाला, ऑगस्टमध्ये विक्रीला आला. पहिल्या दिवसाचे तीन तुकडे पहिल्या बाजूवर आहेत. त्या दिवशी मुख्य टेप-यंत्र किंचित मंद चालत होते. मंद यंत्रावर मुद्रित झालेली टेप योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत थोडे जलद आणि सूर थोडा चढा निघणार. तसाच तो निघाला. लॅकरवर गेला, साच्यांत गेला, ‘फर्स्ट प्रेस’मध्ये गेला आणि त्यानंतरच्या प्रत्येक छपाईत. रेकॉर्ड लावून सोबत पियानो वाजवू पाहणाऱ्यांना ‘सो व्हॉट’चा सूर आपल्या पियानोशी जुळत नाही हे जाणवत असे. सुदैवाने त्या दिवशी राखीव प्रतीसाठी दुसरे यंत्रही चालू होते आणि त्याचा वेग बरोबर होता. १९९२ च्या रीइश्यूसाठी त्या राखीव टेपचा आधार घेतला गेला, आणि माइल्स, कोल्ट्रेन, ॲडर्ली आणि बिल एव्हन्स यांनी त्या दिवशी ज्या पट्टीत वाजवले होते ती पट्टी तेहेतीस वर्षांनी श्रोत्यांना मिळाली. माइल्स त्याच्या वर्षभर आधीच गेला होता.

तानपुरा एका श्रुतीने उतरला तरी मैफल थांबवून जुळवून घेणाऱ्या आपल्या श्रोत्याने या तीन तुकड्यांच्या ‘मूळ’पणाचे काय करावे? सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन तुकड्यांची नावेही उलटसुलट छापली गेली आहेत, आणि ॲडर्लीच्या नावातले एक अक्षर गळाले आहे. संग्राहक त्या मुद्रणदोषांसाठी जादा पैसे मोजतात. मोजावेत, तो छंद वेगळा आणि निरुपद्रवी आहे. पण मुद्रणदोषाची किंमत वाढली म्हणून तो शुद्ध पाठ होत नाही.

हे एकाच अल्बमचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. रोलिंग स्टोन्सच्या १९६८ च्या ‘बेगर्स बँक्वेट’चे नेमके उलटे झाले होते. तो अल्बम मुद्रित झाला त्यापेक्षा मंद वेगाने बाजारात आला आणि चौतीस वर्षे तसाच वाजला. २००२ च्या रीइश्यूने वेग दुरुस्त केला. तेव्हा काही जुन्या चाहत्यांना गाणी घाईत गायल्यासारखी वाटली. सवय झालेला कान सत्याविरुद्ध साक्ष देतो, आणि ‘मूळच बरे होते’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या मतात सवयीचा वाटा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२०० हून अधिक हस्तलिखिते धुंडाळली. पोथी जुनी म्हणून तिचा पाठ खरा, असे तिथे कोणी मानले नाही. ती कोणत्या पोथीवरून उतरली, तिची शाखा कोणती, कोणता दोष कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहिले गेले. अलीकडची पोथीही एखाद्या निर्दोष शाखेतून आलेली असू शकते. रेकॉर्डच्या बाबतीत ‘काइंड ऑफ ब्लू’चा १९९२ चा रीइश्यू नेमका असा आहे : वयाने धाकटा, पण वेगळ्या आणि निरोगी टेपचा वंशज. जो माणूस चार आवृत्त्या समोर ठेवून कुठे बास उतरला, कुठे झांजेची किनार बोथट झाली, कुठे शेवटचा स्वर लवकर विझवला हे टिपून ठेवतो, तो पाठभेदच टिपत असतो. त्याला विक्षिप्त म्हणायचे तर सुकथनकरांनाही म्हणावे लागेल.

यावर पूर्वपक्ष म्हणतो, वेगाची चूक हा अपवाद. एरवी निर्मात्याचा हात हेच प्रमाण. ठीक. मग त्या हाताचेच ऐकू. १९९९ पासून खुद्द व्हॅन गेल्डरने ब्लू नोटच्या आपल्या जुन्या टेप्स डिजिटल पद्धतीने पुन्हा मास्टर केल्या. मालिकेला नावही त्याचेच दिले होते. आणि तिला सर्वांत जास्त नाके मुरडली कोणी? त्याचा ठसा शोधत हिंडणाऱ्या संग्राहकांनी : आवाज फार तीक्ष्ण, फार वरच्या पातळीवर, दोन्ही बाजू एकमेकींजवळ ओढलेल्या. हे आक्षेप मला बव्हंशी पटतात. पण मग हात हे प्रमाण कसे राहिले? व्हॅन गेल्डरला स्वतःला एलपीचे प्रेम नव्हते. त्या माध्यमाचे दोष आणि लॅकर कापताना कराव्या लागणाऱ्या तडजोडी याबद्दल तो उघड बोलत असे. पन्नासच्या दशकातल्या जड सुयांच्या घरगुती यंत्रांवर रेकॉर्ड नीट वाजावी म्हणून बास आवरता घेणे ही त्या तडजोडींतली एक. अलीकडे जो हार्ली आणि केव्हिन ग्रे यांनी ‘टोन पोएट’ मालिकेत त्याच टेप्सवरून नव्याने लॅकर कापल्या, तेव्हा टेपमध्ये असलेला पण १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डवर न उतरलेला पॉल चेंबर्ससारख्यांचा बास पुष्कळ मोकळा झाला. मूळ प्रतीत जो करकरीत, अंगावर येणारा ट्रंपेट आहे तो मात्र इथे थोडा निवतो. दोन्ही प्रती जवळ असाव्यात असे वाटते ते यामुळे. इगी पॉपने १९९७ साली ‘रॉ पॉवर’चे बोवीने केलेले मिक्स मोडून स्वतः नवे केले, इतके कर्कश की ते पूर्ण ऐकवत नाही. तोही निर्मात्याचाच हात होता.

पूर्वपक्षाचे एक नवे रूपही आहे. त्याच्या मते रीइश्यू चालेल, पण टेपपासून रेकॉर्डपर्यंत कुठेही डिजिटल टप्पा नको. तो आला की कानाला लगेच कळतो. या मताची परीक्षा २०२२ च्या जुलैत आपोआप झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड शौकीन वर्षानुवर्षे शुद्ध ॲनालॉगचा आदर्श म्हणून मिरवत होते. कंपनी बऱ्याच काळापासून मास्टर टेपची डिजिटल प्रत करून तिच्यावरून लॅकर कापत असल्याचे तेव्हा बाहेर आले. कंपनीने ही गोष्ट ग्राहकांना स्पष्ट सांगितली नव्हती हा तिचा दोष खराच, आणि त्यावर अमेरिकेत खटलाही झाला. पण ही गोष्ट कळली ती एका रेकॉर्ड-विक्रेत्याने केलेल्या वाच्यतेमुळे आणि मग कंपनीच्या अभियंत्यांनी दिलेल्या कबुलीमुळे. इतक्या वर्षांत इतक्या सोनेरी कानांपैकी कोणी निव्वळ ऐकून ती पकडली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्याच रेकॉर्ड अचानक निर्जीव वाटू लागल्या, हा भाग मानसशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवू.

‘मूळ’ जपून ठेवण्याचे कामही कधीकधी रीइश्यूच करतो. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ मोनोत मिक्स होत असताना बीटल्स स्वतः हजर होते. स्टीरिओचे काम त्यांच्या माघारी उरकले गेले. ‘शी इज लीव्हिंग होम’ मोनोत जास्त जलद आणि चढ्या सुरात आहे. पुढे मोनो बाजारातून गेले आणि काही पिढ्या दुय्यम मिक्सवरच वाढल्या. मोनो पुन्हा सर्वांच्या हाती आले ते २००९ च्या सीडी-संचातून, आणि मग २०१४ च्या रेकॉर्डमधून. मुंबई-पुण्याच्या त्या काळच्या श्रोत्याला तर ‘मूळ’ कोणते हा प्रश्न आणखीच लागू पडतो. त्याच्या घरातली रॉकची रेकॉर्ड बहुधा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेली असे. चोर बाजारात ती आज सापडली तर आठवणीसाठी जरूर घ्यावी; पण तिच्या आधारे अल्बमच्या आवाजाविषयी निवाडा देऊ नये.

शेवटचे उदाहरण ड्यूक एलिंग्टनच्या ‘न्यूपोर्ट’चे. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर सलग सत्तावीस आवर्तनांचा एकल तुकडा वाजवला, श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले आणि एलिंग्टनच्या उतरत्या कारकिर्दीला नवे वळण मिळाले. एलपी त्याच वर्षी आली आणि तुफान खपली. पण महोत्सवासाठी रचलेली सुइट मंचावर नीट बसली नाही असे एलिंग्टनला वाटले होते, म्हणून एलपीचा मोठा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्यांचा आवाज जोडलेला होता. गोन्साल्व्हिसचा तुकडा अस्सल होता, पण तो वाजवताना गोन्साल्व्हिस उभा राहिला कोलंबियाऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे एलपीवर तो लांबून आल्यासारखा वाटतो. नव्वदच्या दशकात व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या टेप्स हाती लागल्या. निर्माता फिल शापने कोलंबियाची आणि ही अशा दोन्ही मोनो टेप्स एकमेकींशी जुळवून एक डावीकडे, एक उजवीकडे अशी स्टीरिओ मैफल उभी केली आणि १९९९ साली ती दोन सीडींवर निघाली. ही स्टीरिओ कृत्रिम आहे आणि काटेकोर माणसाने तसे म्हणावेही. तरी गोन्साल्व्हिस तिच्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकू येतो. पूर्वपक्षाला प्रिय असलेले १९५६ चे स्टुडिओतले तुकडेही त्याच संचात आहेत. फरक इतकाच की ते स्टुडिओतले आहेत हे आता तिथे छापलेले आहे.