कम्युनिटी कॉलेजातून डॉक्टर होता येते का? अमेरिकेतील पालकांसाठी माहिती

रमजानच्या आधी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा न्यू जर्सीहून फोन आला. मुलीला डॉक्टर व्हायचेय, पण प्रवेश घेतलाय कम्युनिटी कॉलेजात. "सर, रत्नागिरीत नातेवाइकांना सांगायला लाज वाटते," असे ती म्हणाली. हा प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून थोडी माहिती देत आहोत.

हे कॉलेज म्हणजे काय?

नावात 'कम्युनिटी' असली तरी हे कुठल्या जमातीचे कॉलेज नव्हे. आसपासच्या रहिवाशांसाठी चालणारे, कमी फीचे, साधारण दोन वर्षांचे हे शिक्षण असते. पूर्वी यांना 'ज्युनियर कॉलेज' म्हणत. पण आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही. हे शिक्षण बारावीनंतरचे आहे. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली सुरू झाले.

वाट किती लांब?

आपल्याकडे बारावी आणि नीटनंतर थेट एमबीबीएस. अमेरिकेत बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून विद्यार्थी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतो आणि तिथे पदवी पूर्ण करतो. मग एमकॅट परीक्षा, चार वर्षांचे मेडिकल स्कूल (एमडी किंवा डीओ) आणि त्यानंतर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी.

कोणते विषय, कुठे?

जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसह लागतात. बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, गणित किंवा सांख्यिकीही अनेक ठिकाणी मागतात. प्रत्येक मेडिकल स्कूलचे नियम वेगळे. काहींना विज्ञानाचे मुख्य विषय युनिव्हर्सिटीत केलेले जास्त पसंत असतात. म्हणून सुरुवातीचे विषय कम्युनिटी कॉलेजात आणि वरच्या पातळीचे युनिव्हर्सिटीत, अशी विभागणी सोयीची पडते. कोणते क्रेडिट कुठे धरले जाईल, हे पहिल्याच सत्रात ट्रान्सफर सल्लागाराला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खरी जोखीम

"इथे सोपे असते, पुढे बघू," असे मुले म्हणतात. इथेच घात होतो. एमडीसाठी बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज ॲमकास नावाच्या सेवेमार्फत जातात. तिथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे गुणपत्रक द्यावे लागते. नापास झालेला विषय पुन्हा केला, तरी जुना आणि नवा असे दोन्ही ग्रेड हिशेबात धरतात. ट्रान्सफर घेतल्याने पाटी कोरी होत नाही. विषय झेपत नसेल तर मुदतीच्या आत सल्लागाराशी बोलणे बरे.

पैसा आणि व्याज

आपल्या घरांत हा प्रश्न निव्वळ पैशाचा नसतो, व्याजाचाही असतो. मेडिकल स्कूल महाग आहे आणि सरकारी शैक्षणिक कर्जावरही व्याज लागते. पहिली दोन वर्षे घरी राहून कमी फीत झाली, तर तेवढे कर्ज टळते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल आणि उत्पन्न कमी असेल, तर फाफ्सा अर्ज जरूर भरा. त्यातून पेल ग्रँट मिळू शकते. ती सहसा परत करायची नसते.

इथून जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर जाऊन याच वाटेने डॉक्टर होऊ, असे समजू नका. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. एजंटाला पैसे देण्याआधी हे तपासा.

एक उदाहरण

डॉ. रिचर्ड कार्मोना यांनी हायस्कूल अर्धवट सोडले होते. सैन्यातून परतल्यावर ते ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजात शिकले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि २००२ साली अमेरिकेचे सर्जन जनरल बनले. सगळ्यांनाच असे जमेल असे नाही, पण दार बंद नाही एवढे यातून कळते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच म्हटले: नातेवाइकांना बिनधास्त सांग. लाज वाटण्यासारखे यात काही नाही. आणि मुलीला सांग, पहिल्या सत्राचा पहिला पेपरही मेडिकलच्या अर्जात जाणार आहे. मेहनत आपली, बाकी अल्लाहच्या हाती.