जीटीओ

जीटीओ : उच्च माध्यमिक शाळेतील जीवनावरील जपानी दूरचित्रवाणी मालिका. ७ जुलै ते २२ सप्टेंबर १९९८ या काळात दर मंगळवारी रात्री दहा वाजता फुजी टेलिव्हिजनच्या जाळ्यावरून प्रक्षेपित. एकूण भाग १२. निर्मिती ओसाकाच्या कान्साई टेलिव्हिजनची. फुजिसावा तोरु यांच्या त्याच नावाच्या मंगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारित. नावातील तीन अक्षरे ‘ग्रेट टीचर ओनिझुका’ या शब्दांची आहेत. पटकथा युकावा काझुहिको यांची. प्रमुख भूमिका सोरिमाची ताकाशी व मात्सुशिमा नानाको यांच्या.

ओनिझुका एइकिची हा बावीस वर्षांचा तरुण. एके काळी मोटारसायकलवरून हुंदडणाऱ्या गुंड टोळीत होता, शिक्षण यथातथाच, पण शिक्षक व्हायचेच या हट्टाने पेटलेला. एका खाजगी शाळेच्या संचालिका त्याला नोकरी देतात आणि जो वर्ग कोणीच घ्यायला तयार नाही तो त्याच्या गळ्यात मारतात. ही मुले मठ्ठ किंवा दांडगट नाहीत, हे मालिकेचे पहिले शहाणपण. ती हुशार आहेत, चांगल्या घरांतली आहेत, आणि मोठ्यांवरचा त्यांचा विश्वास पार उडालेला आहे. शिक्षकाला नोकरीवरून घालवणे हा त्यांचा सांघिक खेळ आहे. दुसऱ्या बाजूला उपमुख्याध्यापक उचियामादा. शाळेचे नाव, पालकांची मर्जी आणि स्वतःची खुर्ची यांपलीकडे त्यांना काही दिसत नाही. नाकाओ आकिरा या मुरलेल्या नटाने ही भूमिका इतकी रंगवली आहे, की कित्येकदा खलनायकाचीच दया येते.

पहिल्या भागातला भिंतीचा प्रसंग जपानमध्ये अजून सांगितला जातो. मिझुकी नानाको या विद्यार्थिनीच्या घरी पैसा आला, घर मोठे झाले आणि तिची खोली नि आईवडिलांची खोली यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. तेव्हापासून घरात बोलणेच संपले. ओनिझुका ना पालकसभा बोलावतो ना समुपदेशन करतो. तो घण घेऊन तिच्या घरी जातो आणि ती भिंत फोडतो. पुढच्या बहुतेक भागांची घडण अशीच आहे : मुलाच्या दुखण्यामागचे मोठ्यांचे काहीतरी शोधायचे आणि त्यावर थेट घाव घालायचा. भिंतीचा ढिगारा कोणी उपसला, हे मालिका सांगत नाही. बारा भागांत एवढी दुखणी बरी करायची, तर ते सांगायला सवडही नाही.

फुजिसावांची चित्रकथा १९९७ ते २००२ या काळात कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझीन’ या साप्ताहिकात आली. तिचे २५ खंड झाले. ‘शोनान जुन्आइ गुमी’ या त्यांच्याच आधीच्या चित्रकथेतला टोळीबाज ओनिझुका इथे शिक्षक झाला. मालिकेसाठी तिच्यात मोठे फेरफार झाले. चित्रकथेतला चावटपणा बराच गाळला गेला. सहशिक्षिका फुयुत्सुकी आझुसा ही चित्रकथेत ध्येयवादी आहे. मालिकेत तिला शिकवण्याचा कंटाळा आहे आणि हवाई सुंदरी होण्याची स्वप्ने ती पाहते. हा बदल युकावांच्या पटकथेतला सर्वांत चांगला म्हणावा लागेल. वर्गात मन नसलेली शिक्षिका समोर असल्याने ओनिझुकाचा उत्साह निव्वळ विनोदी राहत नाही. ज्याच्यात पात्रता नाही त्याला शिकवायचे आहे आणि जिच्यात आहे तिला पळून जायचे आहे, असा पेच त्यातून तयार होतो.

दुसरा बदल वरवर किरकोळ वाटतो. चित्रकथेतला वर्ग माध्यमिक शाळेतला आहे. मालिकेत तो उच्च माध्यमिक शाळेतला झाला. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण सहा वर्षांची प्राथमिक आणि तीन वर्षांची माध्यमिक शाळा इथे संपते. त्यानंतरची तीन वर्षांची उच्च माध्यमिक शाळा सक्तीची नाही. तिथे प्रवेशपरीक्षा देऊन जावे लागते आणि तिथून मुलाला काढूनही टाकता येते. त्यामुळे उचियामादांच्या धमक्यांना वजन येते. शिवाय पंधरा ते अठरा या वयात प्रेमप्रकरणे, अर्धवेळ नोकऱ्या, घर सोडून जाणे हे सगळे कथेत सहज मावते.

जपानी शालेय मालिकांची परंपरा १९६५ च्या ‘सेइशुन तोवा नान दा’पासून धरतात. उमदा तरुण शिक्षक, रग्बीचे मैदान आणि घामाने धुऊन निघणारी मने हा साचा तिने घालून दिला; १९८४ च्या ‘स्कूल वॉर्स’मध्येही तो आहे. १९७९ मध्ये टीबीएस वाहिनीवर ‘सान्नेन बी-गुमी किन्पाची सेन्सेइ’ सुरू झाली आणि ताकेदा तेत्सुया यांनी साकारलेला, फळ्यावर अक्षर लिहून त्यावरून जगण्याचा अर्थ सांगणारा किन्पाची हा आदर्श शिक्षक ठरला. ओनिझुका त्याच्या अगदी उलट. त्याला उपदेश जमत नाही, कारण सांगण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नाही. तो मुलांबरोबर वेळ घालवतो, मार खातो, फजीत होतो. मुले त्याच्याकडे वळतात ती तो खोटे बोलत नाही म्हणून.

हे १९९८ मध्येच इतके का भिडले, याचे कारण मालिकेबाहेर आहे. १९९७ मध्ये कोबे येथे चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या बालहत्यांनी देश हादरला होता. जानेवारी १९९८ मध्ये तोचिगी प्रांतातल्या कुरोइसो येथे तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षिकेचा चाकूने खून केला. त्या चाकूचे खापर फुजीच्याच ‘गिफ्ट’ या आदल्या वर्षीच्या मालिकेवर फुटले आणि तिचे पुनःप्रक्षेपण थांबले. वर्गावरचा शिक्षकांचा ताबा सुटत चालल्याची चर्चा वृत्तपत्रांत रोजची झाली होती. अशा वेळी दंडेली करणारा, कायदा न जुमानणारा शिक्षक नायक म्हणून दाखवणे हे धाडस होते. जपानच्या १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे; खऱ्या शाळेत ओनिझुका आठवडाभरही टिकला नसता. मालिका हे ओळखून आहे, म्हणूनच दर भागात त्याची नोकरी जाता जाता वाचते.

तोक्योसह कान्तो भागात मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या २८.५ टक्के राहिली, तर अखेरच्या भागाने ३५.७ टक्के गाठले. सोरिमाची यांनी स्वतः गायलेले ‘पॉयझन’ हे शीर्षकगीतही गाजले. हे गाणे लावले की रडणारे तान्हे मूल गप्प होते, अशी ख्याती त्याला बऱ्याच वर्षांनी मिळाली आणि जपानी दूरचित्रवाणीने तिचे प्रयोगही करून पाहिले. मात्सुशिमा १९९८ च्याच ‘रिंग’ या भयपटातून प्रेक्षकांना ठाऊक झाल्या होत्या. मालिकेतले हे नायक-नायिका २००१ मध्ये विवाहबद्ध झाले. वर्गातल्या मुलांपैकी वर्गमैत्रिणींच्या छळाने खचलेल्या योशिकावाचे काम केलेला ओगुरी शुन पुढे ‘हाना योरी दांगो’ (२००५) या दुसऱ्या शालेय मालिकेने घराघरांत पोहोचला, तर थंड डोक्याच्या किकुचीच्या भूमिकेतला कुबोझुका योसुके ‘गो’ (२००१) या चित्रपटाचा नायक झाला.

डिसेंबर १९९९ मध्ये सोरिमाची यांनाच घेऊन चित्रपट निघाला. सचेतपट मालिका १९९९–२००० मध्ये आली. २०१२ मध्ये नर्तक आकिराला घेऊन मालिका नव्याने काढण्यात आली आणि २०१४ मध्ये तिचा पुढचा हंगाम झाला. ती नीटनेटकी आहे, पण मूळ मालिकेतला धसमुसळेपणा तिच्यात नाही. युकावांनी मात्र २००५ मध्ये ‘जोओ नो क्योशित्सु’ ही मालिका लिहून स्वतःलाच उत्तर दिले. तिच्यातली प्राथमिक शाळेची शिक्षिका मुलांवर जुलूम करते, आणि त्या जुलमातून मुले शहाणी होतात.

१ एप्रिल २०२४ रोजी ‘जीटीओ रिव्हायव्हल’ हा एकच विशेष भाग प्रक्षेपित झाला. पटकथा पुन्हा युकावांची, ओनिझुका पुन्हा सोरिमाची, आता पन्नाशीचे. जुन्या वर्गातले ओगुरी, कुबोझुका आदी नटही त्यात येऊन गेले. मात्सुशिमाही थोड्या वेळासाठी दिसल्या. पतीबरोबर दूरचित्रवाणी नाटकात त्या २६ वर्षांनी काम करत होत्या.