हातच्या चित्राचे पत्र

आपल्याकडे पत्र नुसते वाचायचे नसे, ते हातात पडताच पाहावयाचे असे. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असले म्हणजे उघडण्याआधीच घरात आनंदीआनंद होई, कुणाचे तरी लग्न ठरलेले असे. आणि कोपरा फाडलेले कार्ड दिसले की बायका ते घरात घेत नसत. बाहेरच्या बाहेर वाचून फाडून टाकीत व मग आंघोळीला जात. म्हणजे ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिलाही पत्र काय म्हणते ते नुसत्या रंगावरून आणि कोपऱ्यावरून कळत होते.

हे आठवण्याचे कारण असे. गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळात आपण बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे करून कार्डे रंगविली व ती पोस्टाने पाठविली. तेव्हा पुष्कळ जणींनी विचारले, "हे खूळ निघाले कुठून? परदेशातून का?" तेव्हा उत्तर देता आले नाही. मग माझी भाची इंग्रजी वाचून अर्थ सांगत गेली आणि मी वहीत उतरवीत गेले. त्यातले निवडक येथे देते.

हाताने रंगविलेले जे सर्वांत जुने पोस्टकार्ड आज जगात ठाऊक आहे ते १८४० सालचे, इंग्लंडातले. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे पहिले चिकटवायचे तिकीट निघाले, काळ्या रंगाचे, एक पेनीचे. थिओडोर हूक नावाचा एक लेखक लंडनजवळ फुलहॅमला राहात असे. त्याने एका जाड कागदावर चित्र काढले, ते काळे तिकीट चिकटविले आणि पत्ता घातला तो स्वतःचाच! चित्रात एका भल्यामोठ्या दौतीभोवती बसलेले पोस्टाचे कारकून दाखविले आहेत. म्हणजे कार्ड ज्यांच्या ज्यांच्या हातून जाणार त्यांना वाटेत आपलीच थट्टा पाहावी लागणार. हा हूक आधीपासूनच द्वाड. १८१० साली लंडनच्या बर्नर्स स्ट्रीटवरच्या एका बाईच्या नावाने शेकडो पत्रे लिहून एका दिवसात तिच्या दाराशी कोळसेवाले, केकवाले, धुराडी साफ करणारे, डॉक्टर, वकील अशी सारी जत्रा जमविली गेली. ते काम त्याचेच मानतात. त्या बिचाऱ्या बाईचे त्या दिवशी काय झाले असेल हे एखादी गृहिणीच जाणे! ते कार्ड मात्र २००२ साली लंडनच्या लिलावात ३१,७५० पौंडांना गेले.

सरकारी पोस्टकार्ड निघाले त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पहिले ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्या देशात १ जुलै १८७९ पासून, किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. उघडे पत्र नोकरचाकर वाचतील म्हणून विलायतेतल्या मोठ्या घरांतून तेव्हा नाके मुरडली गेली. गोरगरिबांना काय लपवायचे होते? त्यांनी पोस्टकार्ड डोक्यावर घेतले.

आता मला सर्वांत जी आवडली ती हकीकत सांगते. जर्मनीत फ्रान्झ मार्क नावाचे चित्रकार होते. जन्म १८८० चा, म्यूनिकचा. घोडे, गाई, हरणे काढीत, पण घोडा निळा, गाय पिवळी अशी. बायकोसह झिंडेल्सडॉर्फ या खेड्यात राहात. १९१२ च्या अखेरीस बर्लिनला त्यांची एल्झे लास्कर-श्यूलर या कवयित्रीशी ओळख झाली. ही बाई वयाने त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. त्याच वर्षी तिचा दुसऱ्यांदा घटस्फोट झालेला, जवळ पैसा नाही, पदरी मुलगा. तिला धीर द्यायचा म्हणजे काय करायचे? मार्कांनी तिला नव्या वर्षाचे कार्ड पाठविले. आपल्या पोस्टकार्डाएवढाच कागद, आणि त्यावर एकामागे एक उभे असलेले चार निळे घोडे. घोड्यांच्या अंगावर चंद्रकोर आणि चांदण्या. या चंद्रकोरी व चांदण्या म्हणजे त्या कवयित्रीच्या स्वतःच्या खुणा. ती आपल्या पत्रांतून त्या काढीत असे. म्हणजे घोडे त्यांचे आणि चांदण्या तिच्या, असे ते चित्र. याला मी खरी भेट म्हणते. बाजारातून आणलेल्या छापील कार्डात हे कसे साधणार?

पुढे दीड-दोन वर्षांत त्यांनी तिला अशी २८ कार्डे रंगवून पाठविली. ती स्वतःला थीब्जचा राजपुत्र युसुफ म्हणवी आणि त्यांना भाऊ मानून पत्रे लिही. मग १९१४ चे महायुद्ध लागले. मार्क सैन्यात गेले आणि ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दनजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागून मारले गेले. वय अवघे छत्तीस.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या कार्डावरच्या घोड्यांचेच मार्कांनी १९१३ मध्ये एक मोठे चित्र केले होते, दोन मीटर उंच, पुरुषाहूनही उंच. ते बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतले. हिटलरच्या राज्यात अशा चित्रांना भ्रष्ट ठरवून १९३७ साली त्यांची हेटाळणी करणारे प्रदर्शन भरविले गेले, त्यात हे चित्रही होते. युद्धात पडलेल्या सैनिकाचे चित्र असे टांगता, म्हणून माजी सैनिकी अधिकाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा ते तेथून काढले गेले. पुढे ते गोअरिंगच्या हाती पडले आणि १९४५ नंतर त्याचा पत्ताच नाही. आजवर सापडलेले नाही. एल्झेबाई यहुदी, १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि १९४५ च्या जानेवारीत त्या जेरुसलेमला वारल्या. चित्रकार गेला, कवयित्री परागंदा झाली, दोन मीटरचे चित्र नाहीसे झाले. आणि ते वीतभर पोस्टकार्ड? ते म्यूनिकच्या सरकारी संग्रहात सुखरूप आहे. आज ते मोठे चित्र कसे होते हे पाहायला जुने फोटो आणि हे एक कार्ड, एवढेच उरले आहे.

आपल्याकडे नंदलाल बसू हे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार आपल्या शिष्यांना व स्नेह्यांना पोस्टकार्डांवर रेखाटने करून पाठवीत. झाड, बैल, वाटेवरचा माणूस, जे डोळ्यांसमोर असेल ते. भारताची राज्यघटना ज्यांच्या हाताखाली सजली, त्यांना पोस्टकार्डाचा कागद हलका वाटला नाही.

अमेरिकेत रे जॉन्सन नावाचे एक गृहस्थ, जन्म १९२७, यांनी वेगळीच तऱ्हा काढली. ते कात्रणे चिकटवून, ठसे मारून पत्र करीत आणि खाली सूचना लिहीत की यात भर घालून परत पाठवा, किंवा अमक्याला पाठवा. पत्र फिरत राही, वाढत राही. त्यांच्या या मेळ्याला १९६२ पासून न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल असे थट्टेचे नाव पडले. शाळा कसली, ना इमारत, ना फी! पुढे जगभर लोक असे करू लागले, व त्यांत एक रीत पडली: प्रदर्शनासाठी आलेले प्रत्येक पत्र लावायचे, परीक्षक नेमायचा नाही, प्रवेशशुल्क घ्यायचे नाही, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला नावांची यादी पाठवायची. आपल्या रांगोळी-स्पर्धेत निकालानंतर जी रुसवाफुगवी चालते ती पाहता ही रीत विचार करण्याजोगी आहे. (हे मी हसत लिहीत आहे, भगिनींनी राग मानू नये.)

रबरी शिक्का म्हणजे आपल्याला कचेरीची वस्तू वाटते. अर्जावर तो बसला म्हणजे काम झाले, नाही तर उद्या या. या लोकांनी तोच शिक्का घेतला आणि त्यावर मनास येईल ते कोरले. पण शिक्का सरकारचा मान आहे, त्याची थट्टा सगळीकडे खपत नाही. दक्षिण अमेरिकेत उरुग्वाय नावाचा देश आहे. तिथे १९७३ पासून १९८५ पर्यंत लष्कराचे राज्य होते. क्लेमेंते पादीन या कवीने १९७४ साली मोन्तेविदेओ शहरात अशा टपालकलेचे प्रदर्शन भरविले, आणि हाती केलेल्या तिकिटांतून, कार्डांतून जुलुमाविरुद्ध लिहिले. १९७७ साली त्यांना व त्यांचे मित्र होर्हे काराबाल्यो यांना धरले. आरोप काय, तर सैन्याची बदनामी. पादीनना चार वर्षांची शिक्षा झाली. मग देशोदेशींच्या त्यांच्या पत्रमित्रांनी, ज्यांनी त्यांचे तोंडही पाहिले नव्हते, सुटकेसाठी पत्रांचा भडिमार केला. १९७९ मध्ये ते सुटले. फावल्या वेळचा छंद म्हणून आपण हसतो, त्याची एवढी धास्ती बंदूकवाल्यांना वाटली हे नवलच नव्हे काय?

जपानची तऱ्हा याहून सौम्य. आणि आपल्यासारख्या बायकांना खरी जवळची तीच. तिथे नव्या वर्षाची कार्डे पोस्ट साठवून ठेवते व १ जानेवारीला सर्वांच्या घरी एकदम पोचविते. घरोघरी त्या कार्डांवर बटाट्याचे, रताळ्याचे ठसे मारण्याची चाल जुनी आहे. कुनिओ कोइके हे १९४१ साली मात्सुयामा गावी जन्मले. टोकियोला सुलेखन शिकायला गेले, पण गावाकडच्या मित्राला चित्रे काढून पत्रे लिहिण्यातच त्यांचा जीव रमला. १९७८ साली एका त्रैमासिकाने त्यांच्यावर लेख करायचे ठरविले, तेव्हा प्रत्येक अंकात एक हातचे कार्ड घालायचे म्हणून त्यांनी वर्षभरात ६०,००० कार्डे स्वतः रंगविली. मी हिशेब केला, रोजची १६४ पडतात. आपल्याला संक्रांतीची चाळीस करताना मान मोडून आली होती!

१९८१ मध्ये टोकियोलगतच्या कोमाए गावी पोस्टाच्या कचेरीतच त्यांनी पहिला वर्ग घेतला, आणि १९८५ साली या छंदाची संस्था निघाली. जपानीत त्याला एतेगामी म्हणतात. ए म्हणजे चित्र, तेगामी म्हणजे पत्र. शिकविण्याची पद्धत मोठी मौजेची. आधी पेन्सिलीने काढायचे नाही. समोर खरी वस्तू ठेवायची, मुळा, वांगे, कमळकाकडी, सुकी मासळी, जे घरात असेल ते. कुंचला अगदी वरच्या टोकाला, दोन बोटांनी लोंबता धरायचा, म्हणजे रेघ आपोआप थरथरते. चित्र कार्डाबाहेर गेले तर जाऊ द्यायचे. शेजारी दोनचार शब्द, आणि खोडरबरावर कोरलेल्या नावाचा लहानसा लाल शिक्का. कोइके यांचे सांगणे असे की हात बसलेला नसेल तर चालते, एवढेच नव्हे, तेच बरे. ते २०२३ साली वारले.

ही थरथरती रेघ वाचली तेव्हा मला आपल्या मंडळातल्या एका काकूंची आठवण झाली. नाव लिहीत नाही, सर्वांना समजेल. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. फोनवर त्यांचे बोलणे नीट उमगत नाही. आपण पुन्हा विचारले की त्या शरमून फोन सुनेकडे देतात. त्यांना मी कार्डांचा एक गठ्ठा, रंगपेटी आणि पत्ते लिहिलेली चिठ्ठी पाठविली. महिन्याने माझ्या नावे एक कार्ड आले. डाव्या हाताने काढलेले एकच वांगे, देठ वाकडा, आणि खाली "भरलं" एवढाच शब्द. आमच्या वनभोजनाला त्या भरली वांगी करून आणीत, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. त्यानंतर त्यांची आणखी सहा कार्डे वेगवेगळ्या घरी आली आहेत. सर्व एकत्र लावता येतील का ते कार्यकारिणीने पाहावे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. बटाटा मधोमध कापून तोंड कापडाने कोरडे करावे, नाही तर रंग फिसकटतो. तो ठसा दुसऱ्या दिवशी आक्रसतो, म्हणून एका बैठकीतच काम उरकावे. भेंडी आडवी कापली की आयते पाच पाकळ्यांचे फूल. टिकाऊ ठसा हवा असेल तर मुलांचे खोडरबर घ्यावे. नाव पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून तो कागद रबरावर उपडा ठेवावा आणि वरून नखाने घासावे. अक्षरे उलटी उमटतात व छापताना सुलटी येतात. शिरोरेषा जरा जाड ठेवावी, पात्याने कोरताना तीच आधी तुटते. पत्त्याच्या बाजूस रंग लावू नये. आणि पावसाळ्यात पत्ता लिहून वाळला की त्यावरून मेणबत्तीचा तुकडा हलकेच फिरवावा, म्हणजे पोस्टमनची पिशवी भिजली तरी नाव पुसत नाही.