खोट्या नळीचा रणगाडा

दौलताबादचा किल्ला ज्याने पाहिला त्याला अंधारी सांगावी लागत नाही. कातळातून वर चढत जाणारा तो वळणावळणाचा काळोखी मार्ग, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि त्यावर विस्तव पेटवून सारा बोगदा धुराने कोंडून टाकण्याची सोय. शत्रूला अडवण्यापेक्षा त्याचे डोळे निकामी करावेत, हा तिथला हिशेब. १६३३ साली महाबतखानाने किल्ला घेतला, पण अंधारीत लढून नव्हे. चार महिन्यांच्या वेढ्याने आतल्यांची अन्नान्नदशा झाली तेव्हा. अशा किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांना युद्धातील फसवणुकीचे नवल वाटू नये. तरीही आम्ही एकदा फसलो, आणि तेही ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका रणगाड्याकडून. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

आम्हा दोघातिघांना रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती करण्याचा नाद आहे. मोठ्या माणसांनी खेळणी करावीत हे पुष्कळांना विचित्र वाटते, आणि ते आम्ही हसून सोडून देतो. या छंदात १ : ३५ हे प्रमाण फार रूढ आहे. त्यामागे गणिताचा कसलाही थोर सिद्धांत नाही. १९६१ साली जपानच्या तामिया कंपनीने जर्मन 'पँथर' रणगाड्याची प्रतिकृती काढली, तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, त्याचे हे प्रमाण निघाले. आणि पुढे जगाने तेच उचलले.

आम्ही हाती घेतला होता तो अमेरिकन बनावटीचा 'ग्रँट'. खरा रणगाडा सुमारे साडेपाच मीटर लांब, वजनाने सत्तावीस टन. आमच्या मेजावर तो सोळा सेंटिमीटरांचा झाला. त्याची मोठी, ७५ मिलिमीटरची तोफ अंगाच्या उजव्या बाजूस बसविलेली असते आणि वरच्या फिरत्या घुमटात दुसरी, ३७ मिलिमीटरची. एका जुन्या छायाचित्रावरून आम्ही तो मोठ्या निष्ठेने केला. प्लॅस्टिकचा पत्रा कापला, अंगावरचे रिव्हेट डिंकाच्या थेंबांनी एकेक करून उठवले, आणि दोन्ही तोफांच्या नळ्यांना तोंडाशी बारीक भोक पाडले. नळी पोकळ दिसली पाहिजे, हा या छंदातला पहिला धडा.

पुढे आम्ही नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेलो. तेथे १९९४ साली सुरू झालेले लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. आपल्याकडून पुणे रस्त्याने गेले तर सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, तरी आपल्यापैकी किती जण गेले असतील याची शंकाच आहे. त्या संग्रहात एक ग्रँट उभा आहे. त्याचा घुमट नेहमीच्या ग्रँटसारखा नाही. त्यात तोफेऐवजी एक अरुंद, उभी फट आहे. ती पाहिल्यावर आमच्या छायाचित्राविषयी आम्हाला संशय आला. घरी येऊन भिंगाखाली ते पुन्हा पाहिले, तेव्हा नळीशेजारी तीच फट दिसली. इतके दिवस आम्ही तिला सावली समजत होतो. आम्ही जिला पोकळ केले ती नळी मुळात तोफेची नव्हतीच.

या यंत्राचे सरकारी नाव होते 'कॅनाल डिफेन्स लाइट', कालव्याच्या रक्षणाचा दिवा. कालव्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. शत्रूच्या कानावर गेले तरी त्याला काही कळू नये म्हणून ते नाव. घुमटात कार्बनच्या कांड्यांचा दिवा होता, त्याचा प्रकाश सुमारे १ कोटी ३० लक्ष मेणबत्त्यांइतका. तो आरशांवरून एकवटून दोन इंच रुंद आणि चोवीस इंच उंच अशा फटीतून बाहेर पडे. फटीपुढे झडप असे. ती सेकंदाला सहा वेळांपर्यंत उघडमीट करी. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांना उजेडाचीही सवय होईना आणि अंधाराचीही. दिवा किती अंतरावर आहे हे कळेना, मग नेम कुठला धरणार? आत एकच माणूस. जळत्या कांड्या बदलण्यासाठी त्याला ॲस्बेस्टॉसचे हातमोजे दिलेले असत. दौलताबादकरांनी काळोखाने साधले ते इथे उजेडाने साधायचे होते.

दिवसा मात्र हा रणगाडा चारचौघांसारखा दिसायला हवा होता. म्हणून ग्रँटच्या या घुमटावर एक खोटी नळी बसविण्यात आली.

आता प्रतिकृती करणाऱ्यापुढे पेच पडतो तो येथे. फट १ : ३५ ने लहान केली की ती जेमतेम दीड मिलिमीटर रुंद आणि सतरा मिलिमीटर उंच होते. ती काळ्या रंगाच्या रेघेने दाखवली तर चालेल का? आणि खोटी नळी किती खरी करावी? आम्ही फार वाद घातला. शेवटी असे ठरले की अंगातली मोठी तोफ खरी होती, तिची नळी पोकळ राहील. घुमटावरची मात्र भरीव काडीची करायची आणि फट पात्याने खरोखर कापायची. पहिला घुमट काढून टाकावा लागला. हळहळ वाटली, कारण त्यावरचे रिव्हेट फार सुरेख उतरले होते.

या वादातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सोंग घेतलेल्या यंत्राची प्रतिकृती करायची तर ते कुणाच्या डोळ्यांसाठी सजले होते हे आधी ठरवावे लागते. ही खोटी नळी जमिनीवरून, दुरून, दिवसाउजेडी पाहणाऱ्यासाठी होती. याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतले. १९४१ मध्ये तेथील ब्रिटिश सेनापती वेव्हेल (पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय झाले तेच) यांनी अशी कल्पना काढली की कापडाची हलकी खोळ घालून रणगाडा विमानातून ट्रकसारखा दिसेल असे करावे. त्यातून 'सनशील्ड' निघाले: चौकटीवर ताणलेले रंगवलेले कापड, दोन भागांचे, रणगाडेवाल्यांना झटपट उतरवून टाकता येईल असे. ऑक्टोबर १९४२ मधील एल् अलामीनच्या लढाईसाठी अशी ७२२ खोळी करण्यात आल्या. आपली चौथी हिंदी डिव्हिजन त्याच आघाडीवर रुवैसातच्या उंचवट्यावर होती. छद्मावरणाच्या खात्याचे प्रमुख जेफ्री बार्कस हे मूळचे चित्रपटांतले गृहस्थ. त्यांच्या लोकांनी उत्तरेकडे आधी खरे ट्रक उभे करून ठेवले; ते रोज दिसतात म्हणून शत्रूचे वैमानिक त्यांना सरावले. मग रात्रीतून ट्रक हलले आणि त्यांच्या जागी खोळी घातलेले रणगाडे येऊन उभे राहिले. मागे जेथून रणगाडे निघाले तेथे खोटे रणगाडे मांडले आणि चाकपट्ट्यांचे माग पुसून टाकले. २३ ऑक्टोबरच्या रात्री हल्ला झाला तेव्हा रोमेल जर्मनीत होता.

याचीही प्रतिकृती आम्ही केली. खरे कापड या प्रमाणात गोणपाटासारखे जाड दिसते. म्हणून तांब्याच्या तारेच्या चौकटीवर डिंकाच्या पाण्यात भिजवलेला पातळ कागद ताणला. मेजावर ठेवल्यावर ती खोळ अगदी पोरकट वाटली. खालून चाकपट्टा दिसत होता, कोणीही शेंबडे पोर ओळखील असा. मग एका मित्राने ती अंगणात उन्हात ठेवली आणि आम्हाला गच्चीवर नेले. गच्ची जमिनीपासून बारा मीटर, म्हणजे आमच्या मापात चारशे वीस मीटर. तेथून पाहिले तर खाली ट्रक उभा होता, ट्रकची सावली पडली होती. आम्ही सारे गप्प झालो. वैमानिक तर याहून कितीतरी उंच आणि घाईत.

दिव्याच्या रणगाड्याची कथा मात्र अशी यशस्वी नाही. ब्रिटनमध्ये त्याच्या तुकड्या वर्षानुवर्षे तयार होत राहिल्या, शेकडो घुमट बनवले गेले, आणि गुप्तता इतकी कडेकोट पाळली की ज्या सेनापतींनी ते वापरायचे त्यांतल्या अनेकांना ते आहेत हेच नीटसे ठाऊक नव्हते. फुलरसारखा लष्करी पंडित याला त्या युद्धातील मोठ्यात मोठी घोडचूक म्हणत असे. आम्हाला हे थोडे अतिशयोक्त वाटते. फुलर स्वतः या कल्पनेचा जुना पुरस्कर्ता होता. पण सोंग शत्रूपेक्षा स्वकीयांनाच अधिक फसवून गेले एवढे खरे. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन नदीवर, रेमागेनच्या पुलापाशी, या दिव्यांना रात्री पाणी उजळण्याचे काम मिळाले. मूळ बेतापुढे ते राखणदाराचेच काम.

त्याच वर्षी ४३ वी रॉयल टँक रेजिमेंट असे रणगाडे घेऊन हिंदुस्थानात आली. मलायावरच्या चढाईसाठी ते आणले होते. तोवर युद्ध संपले. मग १९४६ साली कलकत्त्यात दंगली उसळल्या आणि शत्रूचे डोळे दिपवण्यासाठी केलेला हा झोत रात्री कलकत्त्याच्या रस्त्यांवर टाकण्यात आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या खुर्चीत बसले होते वेव्हेलच.

आमच्या प्रतिकृतीत एक बारीक दिवा बसवावा असा तरुण मंडळींचा आग्रह होता. आम्ही तो बसवला. फटीतून झोत मेजावर पडतो, आणि खोली अंधारी केली की घुमटावरची खोटी नळी अजिबात दिसत नाही.