राष्ट्रपतींची शपथ: नुसते शब्द की बांधिलकी?

मागच्या महिन्यात आर्वीला घरी गेलो होतो. एमपीएससीची तयारी करणाऱ्या चुलतभावानं चहा पितापिता विचारलं, "दादा, राष्ट्रपती शपथ घेतात ना संविधान वाचवाची? अन् नाही वाचवलं तं काय होते?" मी म्हटलं, होत असेल काहीतरी. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मग वाचत बसलो.

आधी शब्द बघू. मंत्री, खासदार, आमदार शपथ घेतात ती संविधानावर निष्ठा ठेवण्याची. राष्ट्रपतींची शपथ वेगळी आहे, कलम ६० मध्ये. तिच्यात संविधान आणि कायदा यांचं जतन आणि रक्षण करण्याचं वचन आहे. म्हणजे नुसतं मानायचं नाही, सांभाळायचंही.

गंमत म्हणजे अमेरिकेत याच फरकावरून कोर्टात वाद झाला. तिथे इतर अधिकारी संविधानाला 'पाठिंबा' देण्याची शपथ घेतात, राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत तो शब्दच नाही. २०२३ मध्ये कोलोराडोच्या एका न्यायाधीशांनी ट्रम्प यांच्या प्रकरणात हा फरक महत्त्वाचा मानला. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं नाही. रक्षण करणाऱ्यानं पाठिंबा द्यायचा नाही, हे कसं चालेल? पुढे मार्च २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला, पण कारण वेगळं होतं. शब्दांचा प्रश्न तसाच राहिला.

आता आपल्याकडे या. १९५१. कायदामंत्री डॉ. आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. मुलींना वारसा हक्क, घटस्फोट, एकपत्नीत्व. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांना हे बिल मान्य नव्हतं. त्यांचं एक म्हणणं असं की ही संसद सगळ्या प्रौढांच्या मतांवर निवडून आलेली नाही, आधी निवडणूक होऊ द्या. हा मुद्दा अगदीच फालतू नव्हता, हे मान्य करायला हवं. पण सप्टेंबरमध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं की बिल सहीला आलं तर मी ते स्वतःच्या बुद्धीनं तपासेन.

इथे खरी गोची आहे. संविधान सांभाळायची शपथ घेतलेला माणूस नको वाटणारं बिल अडवू शकतो का? नेहरूंनी अ‍ॅटर्नी जनरल सेटलवाड यांचं मत मागवलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेले आहेत. म्हणजे संविधानाचं रक्षण करायचं तर स्वतःचं मत बाजूला ठेवून सही करायची! मला आधी हे उलटंच वाटलं. नंतर पटलं. शपथ संविधान सांभाळायची आहे, स्वतःची मतं सांभाळायची नाही.

तेव्हा सहीची वेळ आलीच नाही. सरकारनंच बिल मागे ठेवलं आणि बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

पण मग राष्ट्रपतींनी डोळे झाकून सही करायची का? २५ जून १९७५ ची रात्र आठवा. फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. इथे सल्ल्यानं बांधलेल्या माणसाला निदान एवढं विचारता आलं असतं: मंत्रिमंडळाचा सल्ला कुठे आहे? माझ्या मते शपथेचं कर्तव्य नेमकं इथे सुरू होतं. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायचा अधिकारही राष्ट्रपतींना दिला.

तरी वाट पूर्ण बंद झाली नाही. २३ नोव्हेंबर २०१९, पहाटे ५.४७. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी फडणवीसांचा शपथविधी झाला. तेव्हाही बैठक झाली नाही. पंतप्रधानांना तातडीच्या वेळी परस्पर निर्णय घेऊ देणारा कामकाजाचा एक नियम आहे, तो वापरला. नियमात बसलं, पण आपण सगळे झोपेत होतो.

राहिला भावाचा प्रश्न. राष्ट्रपतींना कोर्टात खेचता येत नाही, कलम ३६१ आडवं येतं. पण कलम ६१ आहे: संविधानाचा भंग केला तर महाभियोग. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकदाही झालेला नाही. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, फंक्शन लिहिलंय पण कुणी कॉल केलेलं नाही.

राज्यपालांची शपथही जवळजवळ याच शब्दांत आहे, कलम १५९. त्यांच्यासाठी महाभियोग मात्र नाही, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की राज्यपाल कोश्यारींनी उद्धव ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं. तोवर कोश्यारी पद सोडून गेले होते.

आणि हो, ते हिंदू कोड बिल. ते तुकड्यातुकड्यांनी पास झालं. १९५५ मध्ये विवाह कायदा, १९५६ मध्ये वारसा कायदा. राष्ट्रपती अजूनही राजेंद्र प्रसादच होते. त्यांनी सही केली.