जपमाळ, पाईप आणि कातारी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणं पाहिली. आज ती घेऊन एका कातारी गावात जाऊ.

फ्रान्सच्या पूर्वेला, ज्युरा पर्वतात, सँ-क्लोद नावाचं गाव आहे. हिवाळा लांब, शेती थोडी. बर्फ पडलं की तिथले शेतकरी घरातच लाकूड कातायला बसत. गाव यात्रेचं, त्यामुळे संत क्लोदच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी जपमाळा आणि लहान मूर्ती तयार होत. राज्यक्रांतीत, १७९४ साली, संताचे अवशेष जाळले गेले आणि यात्रा ओसरली.

हात मात्र थांबले नाहीत. तपकिरीच्या डब्या, मग पाईपच्या दांड्या, कधी लाकडाच्या, कधी शिंगाच्या. १८५० नंतर भूमध्य समुद्राकाठची ब्रायर आली. ही एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती तासन्‌तास उकळायची, महिनोन्‌महिने वाळवायची, नाहीतर तडकते. पण एकदा मुरली की पोटात निखारा घेऊनही सहजी जळत नाही.

आता पाहा, उपादान बदललं. प्रयोजन तर पार उलटलं. प्रार्थनेचे मणी कातणारे हात व्यसनाची साधनं कातू लागले. निमित्तकारण, म्हणजे कारागीर, तोच राहिला.

कौशल्य हे स्वतःच एक मूल्य आहे, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. तो मणी आणि हा पाईप शेजारी ठेवले की ते शिकवणं अपुरं वाटतं. काम कसं करायचं, हे कातारी ठरवतो. कशासाठी, हे बरंचसं गिऱ्हाईक ठरवतं. आणि गिऱ्हाईक म्हणजे आपणच.