चतुराईची शाबासकी

कौतुकाचे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. परंतु 'चतुर' या शब्दाची जात निराळी आहे. आपल्या गड्याला शूर किंवा बलवान म्हणण्यास आपली माणसे पुरतात. चातुर्याची खरी दाद मात्र प्रतिपक्षाकडून यावी लागते. ज्याच्यावर डाव उलटला, त्यानेच हसून मान डोलावली, म्हणजे ती शाबासकी पुरी झाली. समर्थांनी दासबोधाच्या 14व्या दशकात 'चातुर्यलक्षण' नावाचा स्वतंत्र समासच लिहिला आहे. रूप अभ्यासाने मिळत नाही, गुण मात्र मिळवता येतात, असा त्यातील आशय. म्हणजे चातुर्य ही कमावण्याची वस्तू झाली.

हे कमावलेले धन आपल्याकडे पोळ्याला पाहावे. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातीलच पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांचा 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याच्या सीमा आखल्या गेल्या, पण पोळा अलीकडे-पलीकडे एकच राहिला. वऱ्हाड-नागपूरकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. यमक साधून कोणी सावकाराला, कोणी पुढाऱ्याला टोला हाणतो. शेवटी महादेवाचा गजर होतो. ज्याला टोला बसला त्यालाही हसावे लागते. वर्षभर ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही, त्याला त्या संध्याकाळी चार ओळींत चीत करता येते.

कलगी-तुऱ्याच्या फडाचा न्यायही हाच. तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. रात्रभर कूटप्रश्न झडतात. ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला. तेथे घसा मोठा असून भागत नाही. पंडिती काव्यातही हा शौक होताच. मोरोपंतांनी (1729–1794) रचलेल्या रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठ जुळवून उच्चारावी लागणारी अक्षरे त्यात कटाक्षाने टाळली आहेत. वाचक थक्क होतो. मात्र थक्क होणे निराळे आणि डोळे पाणावणे निराळे, हेही तोच वाचक जाणतो. केवळ कारागिरीला मिळालेल्या वाहवेत थोडी कुसळे असतातच.

आता पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. हीच गोटमार. दोन गावांच्या प्रेमिकांची पात्रात झालेली शोकांतिका तिच्या मुळाशी आहे, असे लोककथा सांगते. या खेळात अनेकांचे प्राण गेले, कित्येक जन्माचे जायबंदी झाले. सरकारने गोफणीवर बंदी घातली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले. दगड काही सुटला नाही.

पण खेळाचा नियम नीट पाहा. दगड किती मारले, डोकी किती फुटली, याची मोजदाद नाही. पांढुर्ण्याचा गडी झाडाशी पोचतो, ते तोडून झेंडा हस्तगत करतो आणि तो चंडीमातेच्या देवळात जातो, जय त्याचाच. म्हणजे मूळ मान दगड चुकवणाऱ्याचा, वेळ साधणाऱ्याचा आणि पाण्यात पाय टिकवणाऱ्याचा आहे. मारणारा हात शंभरांना असतो. झाडापर्यंत पोचण्याची युक्ती एखाद्यालाच.

काठावरच्या गर्दीने आरोळी कोणासाठी ठोकावी, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही. जे वाखाणले जाते तेच पोरे शिकतात. आदल्या दिवशी शब्दाने शब्द तोलणारा गावकरी दुसऱ्या दिवशी दगडाला शाबासकी देऊ लागला, तर बापाशिवाय वाढणाऱ्या लेकरांची संख्या तेवढी वाढते. झडतीच्या टोल्याने कोणाच्या घरी सुतक येत नाही. नदीच्या पात्रातही एखाद्या वर्षी तसेच घडावे, आणि झेंडा आणणाऱ्याचे कौतुक सावरगावच्या काठानेही मोकळ्या मनाने करावे.